आत्याबाईचे पुढचे पाय

ही गोष्ट एकोणीसशे एकाहत्तर सालची. त्या घरातल्या ट्रॅक्टरचं नाव होतं आत्याबाई. सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीसारखीच तीही सकाळी उठताना कुरकुरायची, आणि एकदा कामाला लागली की कुणाचं ऐकायची नाही. एका साध्या ट्रॅक्टरला कुठल्याशा छोट्या कारखान्याने पुढची चाकंही इंजिनाला जोडून दिली होती. चारही चाकं सारखी, छातीइतकी उंच. कारखाना केव्हाच बंद पडला. आत्याबाई मात्र वीस वर्षं चिखलातून, चढावरून बिनबोभाट नांगर ओढत होती.

तिला चालवायची थोरली सून. एरवी ती शिवणकाम करायची, पण नवऱ्याची पाठ धरली तेव्हापासून स्टिअरिंग तिच्या हाती आलं होतं. त्या लोखंडी सीटवर ती जितकी खूश असे, तितकी घरात कुठेच नसे.

त्या वर्षी पुढची चाकं इंजिनाला जोडायचा-सोडायचा दांडा अडकायला लागला. कडक जमिनीवर आत्याबाई कण्हायची आणि दांडा सुटता सुटायचा नाही. मिस्त्रीने कान लावून ऐकलं आणि हात झटकले. "पुढचा गिअरबॉक्स गेला. भाग मिळायचे नाहीत. भंगारात द्या."

"शनिवारी भंगारवाल्याला बोलावतो," सासरे म्हणाले. "नवा लहान ट्रॅक्टर घेऊ. धाकटा चालवील."

"आणि मी?"

"तू शिलाई मशीन चालव. त्यालाही चाक आहेच की!"

दीर फिदीफिदी हसला. सुनेच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पण तिला एक गोष्ट खटकत होती. दांडा अडकला की ती ट्रॅक्टर दोन हात मागे घ्यायची, आणि तो अलगद सुटायचा. मोडलेली वस्तू मागे घेतल्याने बरी कशी होईल? हे तर पीळ पडलेल्या दोऱ्यासारखं झालं, उलटा फिरवला की मोकळा. मग पीळ घालतंय कोण?

शुक्रवारी तिने शिवणाच्या खडूने पुढच्या आणि मागच्या चाकावर, अगदी जमिनीपाशी, एकेक रेघ ओढली.

"वहिनी, झगा बेतताय का आत्याबाईला?"

"भावजी, जीभ आवरा आणि वर बसा. दांडा सोडून हळू पुढे घ्या."

मागच्या चाकाची रेघ फिरून जमिनीला टेकली, तेव्हा पुढची केव्हाच टेकून वीतभर वर गेली होती. पुढची चाकं घेराने लहान होती! घरचा नियमच तसा: नवे टायर मागे, झिजले की पुढे, थोरल्याचे कपडे धाकट्याला. पुढची चाकं नुसती घरंगळणारी असती तर चाललंही असतं. इथे दांडा टाकला की चारही एकमेकांना बांधलेली. मागची ढकलायची आणि पुढची अडवायची.

"मामंजी, पुढची चाकं मागे घाला, मागची पुढे. पुढची जरा मोठी असली की ओढतील, अडवणार नाहीत."

"मिस्त्रीला कळलं नाही ते तुला कळलं?"

"एक पाय आखूड असलेला लेंगा घालून चालून बघा. तुम्हीही कण्हाल."

सासऱ्यांना हसू आवरेना. संध्याकाळपर्यंत चाकं बदलली. शनिवारी भंगारवाल्यासमोरच सुनेने कडक अंगणात चार फेऱ्या मारल्या आणि एका बोटाने दांडा सोडवला. भंगारवाला रिकाम्या गाडीने परत गेला.

"मग नांगरायला मी जाऊ?" दिराने विचारलं.

"आत्याबाईला परका हात चालत नाही," सासरे म्हणाले आणि घरात निघून गेले.

ते पुढे नऊ वर्षं जगले. चाकं बदलायची कल्पना आपलीच, असं पाहुण्यांना सांगत. सून खोडून काढत नसे. मिस्त्रीने खडूची युक्ती उचलली आणि तिच्यावर नाव कमावलं. दीर शहरात बस चालवायला गेला, तिथेच निवृत्त झाला. नवऱ्याची पाठ काही सरळ झाली नाही, पण शेवटपर्यंत डिझेल तोच भरून द्यायचा. सून अडुसष्टाव्या वर्षापर्यंत नांगरत होती. आत्याबाई आता नातीकडे आहे. थंडीत तिला सुरू करायला दोघं लागतात.