चांदणीची उजवी बाजू

मी गोठ्यात पाय टाकला की बोलणं बंद. तीन दिवस हेच चाललं होतं. माझा लेक दयानंद अन् त्याची पोरगी सृष्टी, दोघं गाईपाशी मोबाइल घेऊन कुजबुजायचे. माझी काठी वाजली की लेक दावं तपासायचा अन् नात आभाळाकडं बघायची. आभाळात काय ठेवलंय? एक ढग न्हाई.

चांदणी आमची देवणी गाय. अंग पांढरंफेक, तोंड तेवढं काळं. माझ्यानं आता इतकी जनावरं व्हत न्हाईत म्हणून ती उदगीरकडच्या बसलिंगप्पाला द्यायचं ठरलं होतं. ते मला ठाऊक होतं. पण तिचं हे मोबाइलवर काय काढून राहिलेत अन् माझ्यापासून का लपवून राहिलेत, हे ठाऊक नव्हतं.

मला शंका यायला कारण होतं. चांदणीत एक खोट हाय. मागल्या साली तिला दगडी झाली, कास सुजून धोंड्यासारखी झाली, अन् मागचा उजवा सड कायमचा बंद पडला. आता तीनच सडांतून दूध येतं. गुरांचा आनंदराज डॉक्टर उशिरा आला म्हणून सड गेला, हे आमच्या गावात शेंबडं पोरबी सांगेल.

नवऱ्याच्या माघारी तीस वर्षं मी उमरीच्या बाजारात जनावरं घेतली, इकली. बाईमाणूस म्हणून हसणारे लई होते. पुढं तेच म्हणायला लागले की साखराबाईच्या जनावराचे दात बघू नका, तिला इचारा, ती खोट स्वतःच सांगते. माझी कमाई म्हणजे तेवढं नाव. दयानं खोट झाकून गाय दिली असती तर ते नाव एका दिवसात मातीत गेलं असतं.

म्हणून लेकाला इचारलं न्हाई. नातीला धरलं.

सृष्टी रोज रेल्वेनं नांदेडला जाते. तिथं व्हिडिओ काढायचा कोर्स करून राहिली. महिना झाला.

"सृष्टे, तिथं शिकवतात तरी काय गं? मोबाइल तर सगळं जगच धरून फिरतंय."

"आज्जी, धरणं येगळं अन् शॉट घेणं येगळं."

"मग मला शिकीव."

तिनं डोळे बारीक केले. संशय घ्यायला ती माझ्यावरच गेलीय. "तुला कशाला?"

"मेल्यावर माझा फोटो तूच लावणार. कसा काढायचा ते आत्ताच सांगून ठेवते."

हसली. वही काढली. पहिल्यांदा लाँग शॉट. लांबून घ्यायचा, डोक्यापासून पायापर्यंत सगळं दिसलं पायजे, अन् माणूस उभा कुठं हाय तेबी. मग मिड शॉट, कमरेपासून वर. मग क्लोजअप, नुसता चेहरा, न्हाईतर नुसता हात. डोक्यावर थोडी जागा सोडायची, तिला हेडरूम म्हणतात.

"पदर घेतल्यावरची का आधीची?"

"घेतल्यावरची, आज्जी!"

उभं राहून कॅमेरा डावीकडून उजवीकडं फिरवला की पॅन. खालून वर नेला की टिल्ट. अन् चौकटीत जे दिसतं ती फ्रेम.

मी मनात म्हणलं, ह्यात नवं काय हाय? बाजारात मी हेच करत आले. आधी लांबून जनावर चालवून बघायचं. मग जवळ जाऊन छाती, वशिंड. मग तोंड उघडून दात, मग कास. मधी कुणी आडवा आला की समजायचं, त्याच्यामागं काहीतरी हाय.

"बरं. आता चांदणीचं दाखव."

पोरीचा चेहरा उतरला. पण गुरू झाली होती, न्हाई कशी म्हणंल? दाखवलं.

लाँग शॉट, डाव्या अंगानं. चांदणी नुसती नवरीगत उभी. शिंगांचा क्लोजअप. डोळ्याचा क्लोजअप. खुरापासून वशिंडापर्यंत टिल्ट, तोबी डाव्या अंगानं. मग तोंडापासून शेपटीकडं पॅन निघाला, पोटापर्यंत आला, अन् एकदम कडब्याची गंजी दिसली.

"हे मधीच कसं तुटलं?"

"कट केलाय. मधलं काढून टाकलं."

"काढलेलं कुठं गेलं?"

"डिलीट केलं."

"कुणी सांगितलं काढायला?"

तिनं वही मिटली. मी उठले.

दया ओट्यावर जेवत होता. "उजवी बाजू कुठं हाय?" मी म्हणलं.

"कशाची?"

"तुझ्या सासऱ्याची! गाईची, मेल्या. गाय चारी बाजूंनी दाखवायची असते, तू चारीमधली एक खाल्लीस व्हय? बसलिंगप्पाला फसवून राहिला तू. आत्ता लाव त्याला फोन. माझ्या म्होरं लाव."

"माय, जेवू तर दे."

"फोन लाव."

त्यानं हात धुतला, फोन लावला, माय बोलतीय म्हणून सांगितलं अन् स्पीकरवर टाकला. बसलिंगप्पा तिकडून, कानडीत आईला म्हणतात तसं, मोठ्यानं बोलला, "अव्वा, नमस्कार! बोला."

"बसलिंगप्पा, माझी गाय तीन सडाची हाय. मागचा उजवा बंद हाय. हे आधी ऐक, मग हो म्हण."

तो हसायला लागला. "अव्वा, हे तर दयानंदनं पहिल्या दिवशीच सांगितलं की. मला तिची वासरं पायजेत. तुम्ही काळजी करू नका."

फोन बंद झाला. मी लेकाकडं बघितलं. तो परत ताटावर बसला होता.

"मग व्हिडिओ कुणासाठी कापलास?"

"तो ग्रुपवर टाकायचा होता," तो म्हणला. "जनावरांचा ग्रुप हाय, आसपासच्या गावांचा. चांदणीच्या बहिणीबी इकायच्या हायत पुढं, हिला बघून गिऱ्हाईक येईल. उजवी बाजू दिसली की पहिला सवाल येणार, सड कसा गेला." त्यानं ताट बाजूला सारलं. "अन् त्या ग्रुपमधी आनंदराज डॉक्टरबी हाय, माय."

माझी काठी हातातच राहिली.

जे गाव सांगतं ते मीच गावाला सांगितलेलं. आनंदराज उशिरा आला नव्हता. कास सुजली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याची फटफटी दारात लागली होती. मी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवला. तुझ्या वयाइतकी जनावरं मी नीट केली म्हणलं. अन् हळद-चुन्याचा लेप लावत चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी मीच निरोप धाडला, तवर सड गेला होता. चावडीवर कुणी इचारलं तेव्हा तोंडातून आलं, डॉक्टर उशिरा आला. त्या पोरानं एका शब्दानं उत्तर दिलं न्हाई. पुढं आमच्या गल्लीत त्याला बोलावणंच कमी झालं.

हे दयाला ठाऊक होतं. वर्षभर बोलला न्हाई. अन् मी तीन दिवस त्याच्यावर पाळत ठेवून होते.

"सृष्टे," मी म्हणलं, "चल गोठ्यात. परत काढ."

चांदणीला उन्हात आणून बांधली. पोरगी लांब गेली. "लाँगपासून सुरू करते, आज्जी. गाईभोवती फिरत येते. कट करणार न्हाई."

मी डाव्या बाजूनं सुरू केलं. वय सांगितलं, वेतं सांगितली, शिंगं, पाय. हात फिरवत मागून उजवीकडं आले.

"आज्जी, बाजूला हो. तू आडवी आलीस, सड दिसत न्हाई."

मी खाली बघितलं. खरंच, माझं लुगडं बरोबर कासेच्या म्होरं. माझे पाय मला न इचारता तिथं जाऊन उभे राहिले होते. बाजारात असं कुणी आडवं आलं असतं तर मी त्याची काय गत केली असती!

सरकले. सडाला हात लावला.

"हा बंद हाय. हा माझ्यामुळं गेला. आनंदराज डॉक्टर दुसऱ्याच दिवशी आला होता, मी त्याला आत येऊ दिला न्हाई. उशिरा आला म्हणून मी गावात सांगितलं, ते खोटं होतं."

सृष्टी मोबाइल घेऊन पार जवळ आली. मला वाटलं सडाचा क्लोजअप घेऊन राहिली. पण मोबाइल माझ्या तोंडाकडं होता. मी पदर सारखा करायला हात उचलला अन् तसाच खाली घेतला.

दया दारात उभा होता. "माय, टाकू हा ग्रुपवर?"

"टाक," मी म्हणलं. "अन् मधलं एक अक्षर जरी काढलंस तर बघ."