अर्ध्या पिशवीचं वजन

मी पिठाची पिशवी बोलतेय. माझं तोंड शिवलेलं नाही, सुतळीनं नुसतं बांधलेलं आहे; म्हणून हे जमतं.

माझा जन्म एका जुन्या चादरीतून झाला. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या बाईंनी मला हातानं शिवलं आणि त्यांच्या सासऱ्यांनी, जन्मभर बेकरी चालवलेल्या बाबांनी, गळ्यापर्यंत पीठ भरून दिलं. वाटलं, स्वयंपाकघरात जाणार. गेले ती चित्रांच्या टेबलावर.

पाट्या आता यंत्रावर छापून येत होत्या. म्हणून पंचेचाळिशीत बाई कार्टूनसारखी हलती चित्रं काढायला शिकत होत्या. आधी चेंडूची उसळी झाली, मग दोरीचा झोका, आणि मग मी. पिशवीनं टेबलाच्या कडेवरून उडी मारायची. तिला ना चेहरा, ना हात. तरी ती घाबरलीय हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे. हे जमलं तर कार्टून बनवणाऱ्या स्टुडिओत जागा मिळणार होती.

दोनदा काम परत आलं. स्टुडिओतल्या मास्तरांचा शेरा एकच: पिशवीला वजन नाही.

"वजन नाही म्हणे," असं पुटपुटत बाईंनी माझ्यात आणखी दोन वाट्या पीठ कोंबलं. मी दगडासारखी ताठ झाले. कागदावरची मीही तशीच, खोकं भिरकावल्यासारखी उडायची.

शेवटच्या संधीला दोन दिवस उरले होते. त्या सकाळी घरातलं पीठ संपलं. बाबांनी गुपचूप माझी सुतळी सोडली आणि मला अर्धी रिकामी केली.

"बाबा, अहो, माझी पिशवी होती ती."

"आहे की तिथंच. पीठ तेवढं नेलं."

"परत भरा."

"मळून झालं. आता काय पाव कोंबू तिच्यात?"

बाईंनी रागानं मला उचलून टेबलावर ठेवलं. माझं पोट खाली ओघळलं, वरची दोन टोकं मान टाकल्यासारखी कलली. बाई थबकल्या. त्यांनी मला कडेशी नेऊन हळूच पुढं लोटलं. वरचं अंग झुकलं, पण आतलं पीठ मागंच रेंगाळलं, जायला नको म्हटल्यासारखं.

"हलू नकोस," बाई म्हणाल्या.

"मी कुठं हलतोय?"

"तुम्हाला नाही हो बाबा. तिला."

दोन दिवसांत अठ्ठेचाळीस चित्रं झाली. तिसऱ्या दिवशी फोन आला. "हो. हो. सोमवारी येते," एवढंच बोलून बाई खाली जमिनीवरच बसल्या. त्यांचे खांदे असे सैल ओघळले की मला मीच दिसले.

"काय गं?" बाबांनी दारातून विचारलं.

"मिळालं काम."

"हुश्श. मला वाटलं, पीठ परत मागतायत."

आता मी स्टुडिओतल्या टेबलावर बसते. शिवण एका ठिकाणी उसवलीय, आतल्या पिठाला कुबट वास येऊ लागलाय. ते बदलावं लागेलच. तेव्हा, बाई, एवढं करा: अर्धीच भरा मला. उरलेल्याचे बाबांना पाव करू द्या.