चौथ्या टाकीतली जेवणावळ

मंगळवार, सकाळी साडेनऊचा सुमार; स्थळ, बंदरामागील समुद्री गोगलगायींची शेड, टाकी क्रमांक चार. डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मालकीणबाई प्रथमच शेडमध्ये आल्या होत्या. त्यांच्या गैरहजेरीत कारभार पाहणारे जावईबापू, शेड आता आपल्याच नावे होणार अशा खात्रीने, पुढे चालत होते. मागून मुलगी येत होती.

"या आई, बघा कशा वर आल्यात!" जावईबापूंनी हात पसरले. "माझी चाहूल लागली की झाडून सगळ्या काठाशी हजर. आणि तुम्ही म्हणायचात, या जातीला माणूस कळत नाही."

टाकीच्या भिंतीवर, पाण्याच्या रेषेशी, काही तर तिच्याही वर, विक्रीला आलेल्या गोगलगायी दाटीवाटीने चिकटल्या होत्या. बाईंनी आयुष्यभर हे जनावर दिवसाउजेडी तळाशी आडोशाला ठेवलेल्या कौलांखाली दडून बसलेले पाहिले होते. अंधार पडला की ते बाहेर निघे, शेवाळ कुरतडी आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा आड होई. म्हणून खाणे संध्याकाळी, तेही बेताचे, आणि उरलेले सकाळी उपसून बाहेर, हे त्यांनी दवाखान्यात जाताना जावयाला बजावले होते. पण ज्या गृहस्थाला स्वतःच्या ताटापुढे बेत ठाऊक नाही, तो दुसऱ्याच्या ताटात काय दाखवणार!

"खायला कधी घालता?"

"सकाळी, माझी न्याहारी झाली की. रात्री कोण बघतंय, खाल्लं की नाही ते? अशा वर आल्या की आणखी टाकतो. भुकेल्या जिवाला नाही म्हणवत नाही हो मला."

"आणि उरलेलं?"

"तळाशी जातं. लागेल तेव्हा खातील की."

"मी म्हटलं होतं यांना, वास येतोय," मुलगी पुटपुटली.

"समुद्राच्या पाण्याला काय अत्तराचा वास येणार? तू गप्प बस."

बाईंनी बाही सारली, हात कोपराच्या वर बुडवला आणि कौलांखालून मूठभर ऐवज काढला: कुजलेले शेवाळ, फुगून फुटलेल्या खाद्याच्या गोळ्या, काळा चिखल. मुलीने नाक धरले. ही घाण पाण्यातला प्राणवायू पिऊन टाकत होती. जनावरे त्यासाठीच जीव मुठीत धरून वर चढली होती; आणि हा दानशूर त्यांच्या डोक्यावर आणखी पंगती वाढत होता.

"पोषक गाळ आहे तो," जावईबापूंनी अकलेचे तारे तोडले.

बाईंनी भिंतीवरची एक गोगलगाय धरली. धडधाकट जनावर असे धरून बसते की पाते सरकवल्याविना सुटत नाही. ही दोन बोटांनी निघाली.

"बघा, किती माणसाळलीय!"

त्यांनी ती कठड्यावर उताणी ठेवली आणि स्वतःहून सुलटी होते का, याची वाट पाहिली. मांसल तळवा क्षणभर थरथरला, मग लोळागोळा झाला.

"पोट भरलंय, सुस्तावलीय," जावईबापू म्हणाले. पण या वेळी जरा हळू.

"ताज्या पाण्याचा नळ पूर्ण सोड," बाईंनी मुलीला सांगितले. "ज्यांनी अजून धरून ठेवलंय, त्या तीन नंबरात हलव." मग त्यांनी हात धुतले, कोरडे केले आणि जावयाकडे वळल्या.

"निम्मी टाकी गेली, जावईबापू. उपासानं नाही, तुमच्या वाढण्यानं. शेड मी मुलीच्या नावे करतेय. तुम्ही टाक्यांना हात लावायचा नाही."