दुखवट्याचं लुगडं

आमच्या शाळेतले सगळे म्हणतात, अनुपमाबाईंच्या नाकावर राग असतो. असू द्या. सख्खा धाकटा भाऊ वाळूच्या टिप्परखाली जावा आणि टिप्पर चालवणारा पोरगा चार दिवसांत बसस्टँडवर भजे खाताना दिसावा, मग राग नाकावर नाही तर कुठे ठेवायचा? पेटीत?

भावाचं नाव देवेश. खडकपूर्णेच्या काठाला आमचं गाव, तिथं त्याची वांगी, मेथी, कोथिंबीर. मोटारसायकलला गोण्या बांधायच्या, मागे बायकोला बसवायचं आणि सकाळी सकाळी देऊळगाव राजाचा बाजार गाठायचा, हा त्याचा रोजचा धंदा. त्या दिवशी चांगलं उजाडलं होतं. टिप्पर समोरून आला. देवेश जागीच गेला. रेवती मेथीच्या गोण्यांवर पडली म्हणून वाचली, फक्त हात मोडला. पडल्या पडल्या तिनं वर पाहिलं, तर टिप्परमधून ऋत्विक उतरत होता, आमदार हिंमतरावांचा पुतण्या. क्षणभर तिच्याकडे पाहत उभा राहिला, आणि पळाला.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात कचरू नावाचा ड्रायव्हर आपण होऊन हजर. "गाडी मी चालवत होतो." बाप्पा, केवढा प्रामाणिकपणा! पण रेवतीनं दवाखान्यातल्या खाटेवरून जबाब दिला आणि त्यात ऋत्विकचं नाव घेतलं. मी तिच्या उशाशीच बसले होते. नंतर ठाण्यापासून बुलढाण्याच्या मोठ्या साहेबांपर्यंत मी चपला झिजवल्या, तेव्हा कुठे ते नाव आरोपपत्रात चढलं. दुसरा साक्षीदार नाही. सगळी केस रेवतीच्या एका जिभेवर. मला जगात दुसरं काही नको होतं. तिनं कोर्टात उभं राहून तेच नाव पुन्हा घ्यावं, बस.

आता तेरवीचं सांगते. आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईला तेरवीच्या दिवशी माहेरचा दुखवटा येतो. भाऊ लुगडं आणतो, तिच्या अंगावर टाकतो, हाताला धरून उठवतो. तोवर ती कोपरा सोडत नाही. रेवतीला भाऊ नाही, आईबाप कधीच गेले. खामगावला दोन चुलत भाऊ आहेत, त्यांनी यायचं होतं. सकाळपासून एकाचा फोन बंद, दुसऱ्याचा लागला तर म्हणे गाडीच मिळत नाही. खामगावाहून देऊळगावला गाडी मिळत नाही! ऋत्विकचं नाव पोलिसांत गेलंय हे त्यांच्या कानावर गेलं होतं, दुसरं काय. गावातलेही कमीच आले. शेजारचा पुंजाजी, ज्याच्या पोरीच्या लग्नात देवेश रात्रंदिवस राबला, तो दारापर्यंत येऊन परत गेला. माझा दुसरा भाऊ नीळकंठ पुण्याहून आला होता, पण तो दीर. दीर काही माहेरचं लुगडं टाकू शकत नाही.

दुपार टळली. पंगत उठली. रेवती मोडलेला हात गळ्यात बांधून कोपऱ्यात बसलेली, तिची पोरगी स्वरदा तिच्या मांडीवर डोकं ठेवून. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, "अवो, आता कोण उठवन हिले?" मी माझं कपाळ बडवून घेतलं.

आणि दारात पांढरी गाडी थांबली. हिंमतराव उतरले. एकटेच, ना बॉडीगार्ड, ना फोटोवाला. चपला बाहेर काढल्या, आत आले, जमिनीवर बसले. पिशवीतून लुगडं काढलं, रेवतीच्या खांद्यावर टाकलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "ऊठ बाई. आजपासून तुहं माहेर माह्या घरी."

माझ्या अंगाची लाही झाली. मी पुढे झाले ते लुगडं ओढून त्यांच्या तोंडावर फेकायला. जनकाबाईनं, आमच्या भावकीतल्या म्हातारीनं, माझं मनगट धरलं. "दुखवट्याचं लुगडं फेकत नसतात अक्का. पोरीच्या घराले दोष लागन." आणि रेवती उठली. ज्याच्या घरच्या गाडीनं नवरा चिरडला त्याचाच हात धरून उठली, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून तिनं जो हंबरडा फोडला, तो तेरा दिवसांत पहिल्यांदा. तोवर ती रडलीच नव्हती.

मी म्हटलं, दुःखात आहे, भान नाही. येईल भानावर.

मग निवडणूक आली. हिंमतराव तिसऱ्यांदा उभे. वाळूच्या केसेस होत्या, जमिनींच्या होत्या, एका तलाठ्याला ऑफिसात थोबाडीत मारली त्याचा व्हिडिओ घरोघरच्या मोबाइलवर होता. मी वर्गात राजकारण बोलत नाही, पण स्टाफरूममध्ये छातीठोक सांगितलं, यावेळी हे घरी बसतात. निकालाच्या दिवशी गुलाल शाळेच्या पायऱ्यांपर्यंत आला. मागच्यापेक्षा जास्त मतं. मी रिक्षा करून घरी गेले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर ती किर्स्टन आली. डेन्मार्कच्या विद्यापीठातली बाई, पन्नाशीची, उन्हानं लाल झालेली. बदनाम पुढाऱ्यांना लोक पुन्हा पुन्हा का निवडतात, यावर लिहीत होती. पुण्याहून आणलेल्या दुभाष्याला आमची बोली समजेना, तो दुसऱ्या दिवशी पोट बिघडल्याचं सांगून पळाला. म्हणून कोणीतरी इंग्रजीची मास्तरीण म्हणून माझं नाव सुचवलं. मीही आनंदानं गेले. म्हटलं, जगाला कळू द्या.

बाई वाईट नव्हती. दिलेलं खायची, जमिनीवर बसायची. पण प्रश्न दोनच. पैसे मिळाले का, आणि भीती वाटते का.

पुंजाजी तिला म्हणाला, "पैसे तं दोघंही देतात मॅडम. घेतो आम्ही दोघायचे." मी हे इंग्रजीत सांगितलं, तिनं भराभरा लिहून घेतलं. मग तो म्हणाला, "माह्या बायकोले रात्री दौरा आला. दवाखान्याच्या सरकारी गाडीले फोन लावला, ते म्हणे डिझेल नाही. साहेबाले लावला, त्यायनं सोता उचलला, गाडी धाडली. आता चोर हायेत का साव, हे म्या तवा इचारू?" हेही मी सांगितलं. किर्स्टननं विचारलं, सरकारी गाडीत डिझेल का नव्हतं? गाडी नीट चालवायला लावणं हे आमदाराचंच काम ना? असा विचार पुंजाजीच्या डोक्यातच आला नव्हता. मला तर त्याला धरून हलवावंसं वाटलं. बरोबर विचारतेय ना ती बाई!

जनकाबाई म्हणाली, "आमचा म्हातारा गेला तवा गावात लगन होतं. खांद्याले चौथा माणूस भेटेना. चौथा कोण आला असन, इचारा या मॅडमले."

मग मी किर्स्टनला आमच्या गावातल्या घरी, रेवतीकडे नेलं. मुद्दामच नेलं. ही बघ म्हटलं, हिचा नवरा त्यांनी मारला. हिला विचार. आख्ख्या गावानं शेण खाल्लं तरी हे एक घर शिल्लक आहे, असा माझा तोरा.

रेवतीनं चहा ठेवला. किर्स्टननं विचारलं, मी मराठीत विचारलं, "तू मत कोणाला दिलंस?"

"हिंमतदादाले," रेवती म्हणाली.

मला वाटलं माझ्याच ऐकण्यात काही झालं. मी पुन्हा विचारलं. तिनं कपात साखर टाकता टाकता तेच उत्तर दिलं. किर्स्टन माझ्या तोंडाकडे बघत होती, भाषांतराची वाट पाहत. काय सांगू तिला? शेवटी सांगितलं.

"भीतीनं का?" किर्स्टननं विचारलं.

"भेव?" रेवती म्हणाली. "भेव तं बाकीच्यायले होतं. त्यायच्याच भेवानं माहे चुलत भाऊ आले नाही, पुंजाजीबुवा दारातून वापस गेले. मग आलं कोण? ज्याचं भेव होतं तोच एकटा आला."

हे मी शब्द न् शब्द सांगितलं. किर्स्टननं वहीचं पान उलटलं. मग विचारलं, "ती साडी केवढ्याची होती?"

रेवतीचा चेहरा पडला. "किंमत काऊन इचारून राह्यली हे?" ती मला म्हणाली. मला दोघींचाही संताप आला, पण त्या घडीला या गोऱ्या बाईचा जास्त. मी तिला म्हटलं, तुमच्याकडे माणूस गेला तर कोण येतं? ती म्हणाली, नगरपालिकेची एक बाई येते. कागदपत्रं बघते, विचारपूस करते, पुन्हाही येते. कोणी कोणाला मत दिलं याच्याशी तिचा संबंध नसतो. ऐकून मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. रेवतीला मी ते सांगितलं.

"चांगलं हाये," रेवती म्हणाली. "पन ते बाई मंग त्या घरच्यायची कोन लागते?"

कोणीच लागत नाही, किर्स्टन म्हणाली. तोच तर मुद्दा आहे.

रेवतीला तिची कीव आली. तिनं तिच्या कपात आणखी चहा ओतला.

पुढे किर्स्टनचा लेख आला, तिनं मला पाठवला. भारताच्या आतल्या भागात विधवा एका साडीवर मत देतात, आणि साडी देणारा तोच असतो ज्याची त्यांना भीती वाटते. एकही गोष्ट खोटी नव्हती. पुंजाजी होता, जनकाबाई होती, नाव बदलून रेवती होती. वाचून मी मोबाइल पलंगावर फेकला. त्यात सगळं होतं, आणि तेरवीच्या त्या दुपारी घरात पसरलेलं रितेपण तेवढं नव्हतं. पण तिला तरी काय दोष देऊ? मला कोणी विचारलं असतं, तर मी तरी काय लिहिलं असतं?

रेवतीशी मी त्या चहाच्या दिवसापासून अबोला धरला होता, पण कोर्टाची तारीख जवळ आली तसा सोडला. गरज माझी होती. तिला म्हटलं, "मत दिलंस ते दिलंस, गंगेला मिळालं. पण कोर्टात खरं सांगशील ना?" ती म्हणाली, "पाहू." मी म्हटलं, "पाहू नाही, हो म्हण." तिनं चूल पुसायला घेतली.

तारखेला आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं बुलढाण्याला गेलो. रस्ताभर ती खिडकीतून बाहेर बघत होती. मी देवेशच्या आठवणी काढत राहिले, मुद्दाम. तो लहानपणी वांग्याच्या झाडाखाली झोपायचा, तुला पहिल्यांदा पाहून आला तेव्हा काय म्हणाला होता. ती रडली. मला बरं वाटलं, म्हटलं आता डगमगणार नाही.

कोर्टात हिंमतराव नव्हतेच. ऋत्विक होता, इस्त्रीचा शर्ट घालून. कोपऱ्यात कचरू बसला होता, काम गेलेला आणि वाळलेला. सरकारी वकिलानं विचारलं, "टिप्परमधून कोण उतरलं ते तुम्ही पाहिलं?"

रेवती म्हणाली, "ऊन तोंडावर होतं. चेहरा नाही दिसला."

"पोलिसांना दिलेल्या जबाबात तुम्ही नाव सांगितलं आहे."

"तवा मी शुद्धीवर नव्हती."

मी बाकावरून उठलेच. "खोटं बोलते ती!" शिपायानं मला खाली बसवलं. न्यायाधीश काहीतरी म्हणाले, मला ऐकू आलं नाही. कचरूनं तेवढं दोन्ही हातांनी तोंड झाकलेलं मला दिसलं.

बाहेर व्हरांड्यात ऋत्विक आमच्यापाशी आला. वाकून रेवतीच्या पाया पडला. "येतो आत्या," म्हणाला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही, पण पायही मागे घेतले नाहीत.

आम्ही स्टँडवर आलो. मग माझा बांध फुटला. भर स्टँडवर, लोक बघत असताना, मी तिला वाट्टेल ते बोलले. "नवरा होता तो तुझा! तुझ्या डोळ्यांदेखत गेला! काय दिलं त्यांनी तुला? घर बांधून देणार आहेत? पोरीला नोकरी? बोल ना! किती घेतले?"

"काही नाही घेतलं अक्का," ती म्हणाली.

"मग कशासाठी?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. तिला राग आला नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

"उद्या स्वरदाचं लगन निंघन," ती म्हणाली. "तिले मांडवात कोन आणन? अंतरपाटामागं मामा लागते अक्का, काका नाही चालत. नीळकंठभाऊ कितीही चांगले असले तरी काकाच. तुमचा एक भाऊ गेला, एक हाये. मले तं एकच भेटला. त्याच्या पुतण्याले मीच जेलात धाडू, तं मंग मी पुन्हा कोनाची राहू?"

"अगं, खुनी आहे तो!"

"हाव," रेवती म्हणाली. "मले माहीत हाये. म्या पाह्यलं ना त्याले. तुमी नाही पाह्यलं."

देऊळगावची गाडी लागली. लोक धावले. ती गर्दीत शिरली, दोन जागा धरल्या आणि खिडकीतून मला हाका मारायला लागली, अक्का या, अक्का या. मी तिथंच उभी. तिच्या थोबाडीत मारावी असं मला वाटत होतं, देवाशपथ सांगते, हात शिवशिवत होते. आणि मारली असती, तर ती रडत कोणाच्या दारात गेली असती, हेही मला माहीत होतं.