एका ओळीपुरती फट

"बाई, पुठ्ठा नका सरकवू. सई करा आन् व्हा बाजूले."

सहदेव कंपाउंडरने पुठ्ठ्यावर लाकडी रूळ दाबून धरला. मी बोटं मागे घेतली. रजिस्टरच्या उघड्या पानावर तो मळका पुठ्ठा, आणि त्यात एका ओळीपुरती कापलेली फट. फटीतून माझ्या हरिहरचं नाव, खोकल्याचं औषध आणि सहीची मोकळी जागा दिसत होती. त्याच्या वरखाली साऱ्या अमरावतीची दुखणी होती, पण ती पुठ्ठ्याखाली.

दवाखाना धर्मादाय. औषध फुकट, म्हणून प्रत्येकाची सही नाहीतर अंगठा. गावात बोलत, की हा कंपाउंडर लोकांच्या नावावर औषधं उचलून बाहेर विकतो, म्हणून झाकतो. मला ते पटे. लपवायचं काही नसेल, तर पुठ्ठा कशाला?

पण त्या दिवशी मला विमलची ओळ हवी होती.

विमल आमच्या वरच्या खोल्यांत राहायची. तिला मूलबाळ नव्हतं. माझा दोन वर्षांचा हरिहर दिवसभर तिच्या मांडीवर, तिच्याच पेल्यातलं दूध प्यायचा. मध्यंतरी ती दर सोमवारी पदर नाकाशी धरून दवाखान्यात जाऊ लागली. विचारलं तर म्हणे, "काही नाही गं, अशक्तपणा." अशक्तपणासाठी दर सोमवारी कोण जातं? तिच्या गळ्याची हाडं वर आलेली मला दिसत होती. आणि आता हरिहर खोकत होता.

मी आवाज खाली आणला. "सहदेवभाऊ, आमच्या वर राहतात त्या विमलताईंना काय झालंय? माझं मूल लहान आहे."

"लेकरं त मलेबी हायेत. तुमच्या ओळीचं इचारा."

"क्षय आहे की नाही, एवढंच सांगा."

त्याने रूळ उचलला नाही. "आज 'नाई' म्हनलं, त उद्या तुमी दुसऱ्याचं इचारसान. मंग ज्या दिवशी मी गप बसलो, त्या दिवशी तुमाले समजलंच ना!"

मागून माणिकबाई भाजीवाली ओरडली, "काहून डोस्कं फोडता बाई? माह्या नवऱ्याले काय झालं, ते मलेच नाई सांगतलं या मुर्दाडानं!"

"नवऱ्यालेच इचार ना माय," सहदेव म्हणाला. सगळी रांग हसली.

मी हसले नाही. सांगत नाही म्हणजे आहेच, असं ठरवून मी घरी आले आणि हरिहरला वर जायचं बंद केलं.

दोन दिवसांनी विमल शिऱ्याची वाटी घेऊन दारात आली. "हरी का येत नाही गं वर?"

"झोपलाय."

तेवढ्यात माझ्या मागून "मावशी!" अशी आरोळी आली. विमलने एकदा माझ्याकडे पाहिलं, वाटी पायरीवर ठेवली आणि जिना चढून गेली. शिरा मी गाईला घातला. वाटी चिमट्याने उचलून उकळत्या पाण्यात सोडली.

हरिहरचा खोकला आठवड्यात गेला. डॉक्टर मात्र त्याला तपासताना माझ्याकडेच बघत होते. "तुम्ही कधीपासून खोकताय?"

"मी? जागरणं झाली ना, म्हणून."

त्यांनी छातीचा फोटो काढायला लावला. तो उजेडात धरून म्हणाले, "मुलाला काही नाही. डाग तुमच्या फुप्फुसावर आहे. सुया घ्याव्या लागतील. मुलाला काही महिने दूर ठेवा."

मला एकदम विमलची वाटी आठवली. आणि मग आमची. मी किती वाट्या वर पाठवल्या होत्या!

आमचे हे हरिहरला अंजनगावला माझ्या आईकडे पोचवायला निघाले. मोटारीच्या खिडकीपाशी मी तोंडावर पदर धरून उभी राहिले. हरिहरला वाटलं, मी लपाछपी खेळतेय. मोटार वळेपर्यंत तो मला "भ्वॉक" करत होता.

सोमवारी मी रांगेत उभी राहिले, तर पाठोपाठ विमल. टेबलापाशी पोचले. सहदेवने पुठ्ठा ठेवला. फटीत माझं नाव आणि पुढे त्या सुईचं नाव, ठळक शाईत. गावात ते नाव वाचून कुणालाही कळलं असतं. धुणंभांडी करणारी आली नसती. विहिरीवर माझी घागर वेगळी झाली असती. तो पुठ्ठा मला फारच तोकडा वाटला. मी डाव्या हाताने फटीवर आडोसा केला.

"हात काढा बाई, सई कुठं करसान?" सहदेव हळूच म्हणाला.

विमल आता मान लांब करत असणार. मी झटकन मागे पाहिलं.

ती टेबलाकडे पाठ करून उभी होती. भिंतीवरचं एक फाटकं सरकारी पत्रक वाचत होती.

"झाली का गं सही?" तिने न वळताच विचारलं.

"झाली."

मग ती वळली. सहदेवने पुठ्ठा एक ओळ खाली सरकवला. मी पदर नाकाशी धरला आणि भिंतीकडे तोंड केलं. पत्रक देवीच्या लशीचं होतं.