सगुणीची मुलगी

दत्तप्रसाद सरखोतांची कादंबरी पूर्वाने कधी उघडूनही पाहिली नव्हती, तरी तिच्यातला एक शब्द पूर्वाच्या तोंडात पक्का बसला होता. खराडीच्या ऑफिसातून वाघोलीला घरी आली की चहा पिता पिता ती मैत्रिणीशी फोनवर बोलायची. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "नम्रता एकदम सगुणी निघाली यार! ऐन रिलीजच्या आठवड्यात राजीनामा टाकून गेली."

समोर मेथी निवडत बसलेल्या तिच्या आजीचे, हिराबाईंचे, हात थांबले. त्यांनी फोन होऊ दिला. मग म्हणाल्या, "सगुणी म्हणजे काय गं?"

"असंच म्हणतात आजी. ऐन वेळी सोडून पळणारी. सिरियल नव्हती का त्याच्यावर?"

सिरियल होती. त्याआधी दोन नाटकं होती, शाळेच्या पुस्तकात धडा होता. सरखोत जाऊन चाळीस वर्षं झाली, पण क्षयाने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला आणि पोरीला टाकून मोटारवाल्याबरोबर पळालेली त्यांची सगुणी काही मरायला तयार नव्हती. सासवा सुनांना सगुणी म्हणत, पुढारी पक्ष सोडून गेलेल्यांना म्हणत.

"सगुणी माझी आई होती," हिराबाई म्हणाल्या.

अठ्ठ्याहत्तर वर्षांत हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. आता सुरुवात केली तशी सगळं बाहेर आलं. शनिवार पेठेत त्यांच्या दोन खोल्या होत्या आणि वरच्या मजल्यावर सरखोत भाड्याने राहायचे. वडील, सीताराम, रक्त ओकत होते. क्षयावरची इंजेक्शनं मुंबईत मिळतात असं कुणीतरी सांगितलं. आईचा मावसभाऊ शंभू ट्रक चालवायचा. आई, कुसुम, सकाळी त्याच्या ट्रकमध्ये बसून गेली. इंजेक्शनं मिळवायला तिला तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी ती कुप्यांचं पुडकं पोटाशी धरून आली, तेव्हा वडिलांना पोहोचवून लोक परत आले होते.

"सरखोतांना माहीत नव्हतं का हे?"

"माहीत होतं. प्रेताला खांदा द्यायला होते ते. पण चार वर्षांनी पुस्तक आलं, त्यात ती परत येतच नाही."

"मग तुझ्या आईने काहीच केलं नाही?"

"काय करणार? दवाखान्यात आया म्हणून लागली आणि मला वाढवलं. पेठेतल्या बायकांनी तिला पुस्तक वाचून दाखवलं, तर म्हणाली, छान लिहिलंय."

पूर्वाचे डोळे भरून आले. ती पेटूनच उठली. हे जगाला कळायलाच हवं, ती म्हणाली. हिराबाई आधी नको म्हणाल्या, पण मनात खोल कुठेतरी त्यांना ते हवंच होतं. आपल्यामागे हे सांगणारं कुणी उरणार नव्हतं.

पुढच्याच महिन्यात सरखोतांवर परिसंवाद होता. पूर्वाने सुट्टी काढली आणि आजीला घेऊन गेली. भाषणं संपल्यावर हिराबाई उठल्या आणि माईक धरून जेमतेम दोन मिनिटं बोलल्या. मग मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो आजी, मुंबई काय विलायतेत होती? औषध आणायला चार दिवस?" लोक हसले. हिराबाई खाली बसल्या.

प्राध्यापिका तेजस्विनीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या कादंबरीची नवी आवृत्ती संपादित करत होत्या. दोन दिवसांनी त्या वाघोलीला आल्या, हिराबाईंच्या पाया पडल्या.

"आजी, सरखोतांनी हे कुणावरून लिहिलं, हे आजवर कुणालाच ठाऊक नव्हतं. आपण सगळं सांगा."

हिराबाईंनी सांगितलं. आईचं नाव, वडिलांचं नाव, पेठेतला पत्ता. आईचा एकुलता एक फोटोही दिला.

"ती औषधासाठी गेली होती, हे छापाल ना?"

"नक्की छापेन."

छापलं. पुस्तक घरपोच आलं. पहिल्याच पानावर आईचा फोटो होता आणि खाली ओळ होती: 'कुसुम सीताराम, सरखोतांची सगुणी.' प्रस्तावनेत आत कुठेतरी लिहिलं होतं की ती औषध आणायला गेल्याचं तिची वृद्ध कन्या सांगते, मात्र याला दुसरा पुरावा नाही. आईच्या स्मृतीला दिलेला हा हळवा आकार समजून घ्यायला हवा.

पेपरात मथळा आला, 'अखेर सगुणी सापडली!' आईचा फोटो फोनाफोनांतून फिरला. पोरंपोरी शनिवार पेठेत जाऊन व्हिडिओ करू लागली. 'डोळ्यांतच दिसतंय,' कुणीतरी फोटोखाली लिहिलं होतं. त्याला हजारो लोकांनी पसंती दिली होती.

पूर्वा रडकुंडीला आली. "मी पत्र लिहिते त्यांना. आवृत्ती मागे घ्यायला लावते."

"आता काही लिहू नकोस," हिराबाई म्हणाल्या. "इतकी वर्षं निदान आईचं नाव तरी तिच्याकडे होतं. मी तेही नेऊन दिलं."

पूर्वा त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून बसली. हिराबाई तिच्या केसांतून हात फिरवत राहिल्या.

दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी ते पुस्तक पहिल्यांदाच वाचायला घेतलं. सगुणी जाते तिथपर्यंत आल्या. पहाट, दारातला दिवा, हिरवं लुगडं. ती मोटारीत बसते आणि एकदाही वळून पाहत नाही. हिराबाईंनी पुस्तक मिटलं आणि डोळेही मिटले. ती सकाळ त्यांना आठवायची होती, स्वतःची, सहा वर्षांच्या पोरीने दारात उभं राहून पाहिलेली. आईने वळून पाहिलं होतं का? हात हलवला होता का? त्यांनी पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. दर वेळी आईच्या अंगावर हिरवं लुगडंच दिसलं, आणि दर वेळी ती पाठमोरीच निघून गेली.