उकळलेलं घोंगडं

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुऊन काढायचं, हा माझ्या सासरच्या गावचा, कऱ्हाटीतला नेम. शहाण्णव साली, माझं लग्न होऊन चार महिने झाले असताना, सासूबाईंनी हे काम माझ्यावर सोपवलं. मी इंदापूरची, धनगराचीच, पण एस.टी. कंडक्टरची लेक. तालुक्याच्या गावच्या पोरीलाही गोधडी पिळता येते, हे मला दाखवून द्यायचंच होतं. खरं सांगायचं तर एकाच माणसाला दाखवायचं होतं. सासरे, म्हस्कूमामा, चार महिन्यांत माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. चहा हवा असला तरी ते सासूबाईंना सांगत, आणि करून नेऊन देणार मी! त्यांनी एकदा मला आपलं म्हणावं, एवढीच माझी हाव होती.

मामा सकाळीच बारामतीच्या बाजाराला गेले. मी अंगणात चुलीवर मोठा हंडा चढवला, धुण्याचा सोडा मूठभर टाकला आणि एकेक गोधडी उकळून काढली. मग नजर गेली खुंटीवरच्या मामांच्या काळ्या घोंगड्यावर. मेंढरांचा उग्र वास मारत होतं. म्हटलं, मामा येतील तेव्हा घोंगडं कसं लख्ख दिसलं पाहिजे! चांगलं तासभर शिजवलं.

नदीवर गोधड्या तुडवून पाय भरून आले. पिळायला एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला सासूबाई. घोंगड्याची पाळी आली, तर आम्ही दोघी एकमेकींच्या फारच जवळ उभ्या होतो.

"अगं, हे एवढंसं कसं झालं? उकाळलंस व्हय?"

"व्हय आत्या. सोडा घालून."

"धनगराची लेक तू, आनि लोकर उकाळलीस?"

मग त्यांनी सांगितलं. मामांनी मेंढरं विकून ऊस लावला, त्याआधीच्या शेवटच्या कातरणीची ही लोकर. त्यांनी त्याला कधी साबणसुद्धा लावू दिला नव्हता. मी घोंगडं ताणलं, ओढलं, कडांवर धोंडे ठेवले. ते इंचभर हलेना. तिथेच बसून मी भोकाड पसरलं.

संध्याकाळी मामा आले. खुंटीकडे बघितलं, दोरीवर बघितलं. आमच्यात घोंगड्यावर बसून खोटं बोलत नाहीत. मी बसले नव्हते, पण समोर उभी होते, तेही पुरेसं होतं.

"मीच उकळलं, मामा. आत्यांचा काही दोष न्हाय."

मामांनी ते ओलसर घोंगडं ओट्यावर अंथरलं, हातानं नीट केलं, इकडून तिकडून मापलं.

"आधी ह्याच्यावर पाच जण बसायची," ते म्हणाले. "कोन बी यायचं आनि टेकायचं. आता दोघांपुरतीच जागा हाय."

ते बसले आणि एका बाजूला सरकले.

"बस, पोरी."

मी अंग चोरून कडेला टेकले. डोळ्यांना पदर लावला, तरी हसू आवरेना.

"आनि मी कुठं बसू?" सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

"तू आत जा," मामा म्हणाले, "आनि चहा टाक. माझ्या सुनंला बी आन."